कोपऱ्यातलं कोपर

प्रिय चिऊ,

तुझा वृत्तछायाचित्रांवरचा लेख काल रात्री वाचला, आज सकाळी पुन्हा वाचला. मेहनत घेतली आहेस. पण पाचही फोटोंना तू एकाच मापाने मोजलंस: चौकट तीन-तीन भागांत वाटणारा रूल ऑफ थर्ड्स आहे, नजर ओढून नेणाऱ्या लीडिंग लाइन्स आहेत, रिकामी सोडलेली निगेटिव्ह स्पेस आहे, बरोबरची खूण, पुढचा फोटो. पुराच्या पाण्यात खुर्ची टाकून बसलेल्या आजींबद्दल लिहिलंस, ‘त्यांचा एकाकीपणा अंगावर येतो.’ येतो खरा. पण तो आजींचा आहे की चौकटीचा?

मी फोटो मध्यभागापासून बघायला सुरुवातच करत नाही. मध्ये काय ठेवायचं ते फोटोग्राफरने ठरवलेलं असतं, डोळा आपोआप तिथेच जातो. मी आधी फोटोखालची ओळ झाकते आणि चारही कडांवरून बोट फिरवते. ही खोड मला एका घोळानंतर लागली. वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते तेव्हाची गोष्ट. सभेचा फोटो तीन कॉलम लावला होता, ऐनवेळी जाहिरात आली आणि हातात एकच कॉलम उरला. मी दोन्ही बाजू छाटल्या. मूळ फोटोत उमेदवार मान खाली घालून चष्मा पुसत होता आणि शेजारचे दोघे पोट धरून हसत होते. छापून आला तो एकटा, खचलेला माणूस. फोटोत काही मिसळलं नव्हतं, ओळही खरी होती. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा माझ्याकडे बोलायला काही नव्हतं.

डोरोथिया लँगचा १९३६ चा, कॅलिफोर्नियातल्या स्थलांतरित मजूर आईचा फोटो तू घेतला आहेसच. चेहऱ्यावरच्या काळजीवर दोन परिच्छेद लिहिलेस. पण तिच्या खांद्यांना टेकलेल्या दोन्ही मुलांनी तोंडं फिरवली आहेत, हे लिहिलं नाहीस. त्यांचे चेहरे दिसले असते तर आपली नजर तिघांत वाटली गेली असती. आता ती आईवरच खिळते. मागे ना क्षितिज ना रस्ता, म्हणजे तिला जायला जागाच नाही. आणि खाली उजव्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा होता. लँगला तो खुपला, तिने पुढे निगेटिव्हवरून तो पुसून घेतला. नीट बघ, त्याची पुसट सावली उरली आहे.

व्हिएतनाममधला ८ जून १९७२ चा, नापाम या आग लावणाऱ्या बॉम्बने भाजलेल्या मुलीचा फोटोही तसाच. (तो कुणी काढला यावर आता वाद आहे, तेव्हा श्रेय जपून लिही.) आपण बहुतेकदा बघतो ती छाटलेली चौकट. पूर्ण चौकटीत उजवीकडे एक फोटोग्राफर खाली बघून कॅमेऱ्यात फिल्म भरतो आहे. तो काढला की मुलं थेट आपल्याकडे धावत येतात. ठेवला की अंगावर काटा येतो तो वेगळ्याच कारणाने. मला तो ठेवलेलाच बरा वाटतो, पण संपादकांनी का छाटला असेल तेही समजतं.

उजेड आणि रंगांवर तू लिहिलंस ते ठीक आहे, त्यात मी पडत नाही. कॅमेरा कुठे उभा होता, ते मात्र फारच घाईत उरकलंस. बीजिंगमध्ये ५ जून १९८९ ला रणगाड्यांपुढे उभा राहिलेला माणूस घे. जेफ वाइडनरने तो हॉटेलच्या सहाव्या मजल्यावरून लांब पल्ल्याच्या लेन्सने टिपला. चौकटीत चार रणगाडे, ते एकमेकांना चिकटल्यासारखे, पुढे एक माणूस. द्वंद्वच जणू. स्टुअर्ट फ्रँकलिनच्या जास्त रुंद चौकटीत रणगाड्यांची लांबच लांब रांग आहे, एक जळालेली बसही आहे. तिथे माणूस ठिपक्याएवढा होतो. आणि टेरिल जोन्सने रस्त्यावरूनच काढलेल्या फोटोत पुढे लोक जीव घेऊन पळताहेत, तो दूर मागे उभा आहे, शोधावा लागतो. माणूस तोच, रस्ता तोच. पहिल्यात धैर्य दिसतं, तिसऱ्यात आधी भीती. हे तिन्ही शेजारी शेजारी ठेवून लिहिलं असतंस तर तुझ्या दोन पानांची बचत झाली असती.

आता तुझ्या त्या आजींकडे परत जा. फोटो मोठा करून बघ. डाव्या कडेला, खुर्चीच्या पाठीच्या उंचीवर, कुणाचं तरी कोपर आलं आहे, बाही दुमडलेली. ते कुणाचं असेल आणि छाटताना ते का राहिलं असेल, एवढं लिहून रविवारपर्यंत पाठव.

तुझी,
आई