पहिल्या टप्प्याचा अर्थ रुग्णाला कळावा

महोदय,

लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगावरील जनुकीय उपचारांच्या बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. ‘चाचणीचा पहिला टप्पा’ हे शब्द त्यांत बहुधा शेवटच्या परिच्छेदात असतात, मथळा मात्र कर्करोगावर मात केल्याचा असतो. माझ्या धाकट्या भावाचा लिम्फोमा केमोथेरपीनंतर दुसऱ्यांदा उलटला, तेव्हा असेच एक कात्रण खिशात घालून आम्ही विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला गेलो. तेथील एका रुग्णालयात इंग्रजी संमतिपत्र पुढे ठेवून अर्ध्या तासात सही मागण्यात आली. भावाने सही केली ती या औषधाने आपण बरे होणारच, अशा समजुतीने.

पहिल्या टप्प्यात मुख्यतः औषध किती सुरक्षित आहे आणि कोणती मात्रा झेपते, हे थोड्या रुग्णांवर पाहिले जाते. गुण येईलच याची हमी नसते. ‘कार-टी’ या जनुकीय उपचारात रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वेगळ्या काढून, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांत नवे जनुक घालतात. लिम्फोमाच्या बहुतेक उपचारांत या पेशी बी-पेशींवरील (बहुतेक लिम्फोमा ज्यांचा होतो त्या पांढऱ्या पेशींवरील) सीडी१९ हे प्रथिन ओळखून हल्ला करतात. त्यात निरोगी बी-पेशीही मरतात, त्यामुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. शिवाय पहिल्या काही दिवसांत तीव्र ताप येणे, रक्तदाब उतरणे, काहींना भ्रम होणे असे परिणाम जिवावर बेतू शकतात. म्हणूनच सुरुवातीचे काही आठवडे रुग्णालयाजवळ राहावे लागते आणि नागपूरकर कुटुंबाला मुंबईत खोली घेऊन, रोजगार बुडवून हे करावे लागते.

माझा विरोध चाचण्यांना नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या संशोधनातून उभ्या राहिलेल्या ‘नेक्सकार१९’ या भारतीय कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, ती आधी चाचणीला तयार झालेल्या रुग्णांमुळेच. त्या चाचण्यांत सुमारे ७३ टक्के रुग्णांनी उपचाराला प्रतिसाद दिला. उरलेल्यांनीही तीच जोखीम पत्करली होती, याचा उल्लेख बातम्यांत अभावानेच आढळतो.

नवी औषधे आणि चिकित्सालयीन चाचण्यांसंबंधीच्या २०१९ च्या नियमांनुसार सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहिती देणे बंधनकारक आहे आणि चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाईची तरतूद आहे. यातले काहीही आम्हाला त्या दिवशी कोणी सांगितले नाही. तेव्हा तुकडोजी चौकातील प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि मिहानमधील एम्स यांनी चाचणीसाठी बाहेरगावी निघालेल्या रुग्णांना संमतिपत्र मराठीत वाचून दाखवणारा, शंकांना सवडीने उत्तरे देणारा एक कक्ष सुरू करावा. आणि आपण अशा बातमीच्या मथळ्यातच चाचणीचा टप्पा व रुग्णांची संख्या छापावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, धंतोली, नागपूर