खुर्ची सोडण्यासाठी अजून दोन वर्षं

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना,
शि. सा. न.

रविवारी फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. बाबा, तुम्ही विचारलंत की टोरंटोजवळच्या ब्रॅम्प्टनची चांगली नोकरी चालून आली असताना मी इथला करार आणखी दोन वर्षांनी का वाढवला. मी नुसतं "काम अर्धं आहे" म्हणाले. ते खरं आहे, पण तेवढ्यावर तुमचं समाधान झालं नाही हे तुमच्या गप्प बसण्यावरून कळलं. म्हणून आज सवडीने लिहिते आहे. आईला वाचून दाखवा.

गाव कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगते, कारण इथली प्रत्येक गोष्ट त्या एका बाबीपाशी येऊन थांबते. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या वायव्येला सू लुकआउट नावाचं शहर आहे आणि त्याच्याही उत्तरेला आम्ही. बारमाही रस्ता नाही. एरवी छोटं विमान, आणि जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत गोठलेल्या तळ्यांवरून आणि दलदलीवरून केलेला बर्फाचा रस्ता. डिझेल, घरांचं लाकूड, अवजड सामान, सगळं त्या थोडक्या आठवड्यांत ट्रकने येतं. थंडी उशिरा पडली की तो काळ आणखी आखडतो. इथले लोक ओजी-क्री, म्हणजे इथल्या मूळच्या आदिवासींपैकी. कॅनडाच्या सरकारने 1905-06 मध्ये आणि पुढे 1929-30 मध्ये उत्तर ओंटारिओतल्या लोकांशी जमिनीबद्दलचा करार क्रमांक 9 केला. त्या कराराची आठवण इथे रोजच्या बोलण्यात येते, आपल्याकडे सातबाऱ्याची येते तशी.

माझ्या कामाचं नाव मोठं आहे, 'सामुदायिक स्वास्थ्य कार्यक्रमांची व्यवस्थापक'. प्रत्यक्षात अर्धा दिवस मी तुमचंच काम करते, बाबा. केंद्र सरकारचा पैसा वेगवेगळ्या योजनांतून येतो: गरोदर बायांच्या पोषणाचा वेगळा, मधुमेहाचा वेगळा, दारू आणि नशेच्या उपचारांचा वेगळा, लहान मुलांच्या मानसिक आरोग्याचा आणखी वेगळा. प्रत्येकाचा तक्ता निराळा, प्रत्येकाचा अहवाल निराळा. आर्थिक वर्ष इथेही 1 एप्रिल ते 31 मार्च. मार्चअखेर जिल्हा परिषदेत रात्री अकरापर्यंत बसणारे तुम्ही मला आठवता. तेव्हा वाटायचं, बाबा एवढं कसलं लिहितात. आता मी तेच लिहिते.

आणि त्या वर्षाची गाठ नेमकी चुकीच्या ठिकाणी पडते. एप्रिल-मे महिन्यांत रानबदकं आणि हंस दक्षिणेकडून परततात आणि सारं गाव शिकारीला रानात जातं. शाळाही सुटी देते. आमचा सगळ्यात महत्त्वाचा कॅम्प तेव्हा असतो, आणि नव्या वर्षाचा निधी त्या वेळेपर्यंत आलेलाच नसतो. म्हणून आम्ही कॅनव्हासचे तंबू, पत्र्याच्या चुली आणि बोटींचं पेट्रोल फेब्रुवारीतच, जुन्या वर्षाच्या पैशातून, बर्फाच्या रस्त्याने आणून ठेवतो. हा कॅम्प म्हणजे सहल नव्हे, आरोग्याचा खर्च आहे, हे प्रत्येक वर्षी नव्याने लिहून द्यावं लागतं. ते मी मन लावून लिहिते, कारण मला ते शंभर टक्के पटलेलं आहे.

का पटलं ते सांगते. समुपदेशक इथे महिन्यातून थोडे दिवस विमानाने येतो. नर्सिंग स्टेशनच्या एका खोलीत बसतो. सोळा-सतरा वर्षांची मुलं त्या दाराकडे फिरकत नाहीत. कोण आत गेलं ते सगळ्या गावाला दिसतं, हे एक कारण. दुसरं असं, की अनोळखी माणसासमोर खुर्चीत बसून आपलं दुःख मोजून सांगायची रीत या लोकांची नव्हेच. आम्ही त्या समुपदेशकाला कॅम्पवर नेलं. तिथे तो एका आजींच्या शेजारी बसून हंसाची पिसं उपटायला शिकला. हात कामात असले आणि नजरा खाली असल्या की मुलं बोलायला लागतात. एका मुलाने त्याच्या भावाबद्दल पहिल्यांदा तिथे तोंड उघडलं. आजी मध्ये काही बोलल्या नाहीत, फक्त त्याच्यापुढे आणखी एक पक्षी सरकवला. कुठल्या रकान्यात भरू मी हे? तरी भरते, जमेल तसं.

मधुमेहाचंही तेच. बाबा, तुमची साखर आपल्या घरात पुरणपोळीवरून भांडणं लावते. इथे तिचा इतिहास वेगळा आहे. मासे, मूस नावाचं मोठं हरीण, ससे, रानातली फळं खाणाऱ्या आणि दिवसभर चालणाऱ्या लोकांना एका जागी वसवलं, आणि त्यांच्या हाती मैदा, चरबी आणि साखर आली. आज ताजी भाजी विमानाने येते आणि तिचा भाव सांगितला तर आई घाबरेल. "भाज्या खा" असं सांगणारी चित्रं लावून इथे काय होणार? त्यापेक्षा गावाचा मोठा फ्रीझर चालू ठेवणं, ज्या घरात शिकारी माणूस उरला नाही त्या घरी मासे आणि मूसचं मांस पोचवणं, आणि जाळं कसं टाकायचं ते पोरांना शिकवणाऱ्या आजोबांना मानधन देणं, यावर पैसा खर्च होतो. आजोबांना काही विचारायला जाताना आधी तंबाखू अर्पण करायची असते. तीही अंदाजपत्रकात धरलेली आहे.

आई, हे पुढचं तुझ्यासाठी. इथे बाळंतपण गावात होत नाही. गरोदर बाईला दिवस भरायच्या काही आठवडे आधी विमानाने सू लुकआउटला पाठवतात आणि ती तिथे वाट बघत राहते. पूर्वी एकटीच जायची. 2017 पासून सोबत एका माणसाचा खर्च सरकार देतं. पण घरी आधीची लहान मुलं असतात, त्यांचं काय हा प्रश्न राहतोच. तेव्हा मला आपलं माहेरघर आठवलं. जव्हार-मोखाड्याकडच्या बाया दवाखान्याजवळ आधी येऊन राहायच्या, सोबत आई नाहीतर सासू आणि धाकटं मूल, याच्या गोष्टी तू सांगायचीस. मी त्या इथल्या बैठकीत सांगितल्या. बायकांनी खूप प्रश्न विचारले: जेवण कोण करायचं, मूल रडलं तर कोण बघायचं, नवरा भांडायचा का. हे कागदावर कुठेच सापडलं नसतं. वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली त्यानंतर, 1992 साली, तुमच्याकडे गाड्यांची रांग लागली होती आणि मोठी माणसं झोपडीत वाकून फोटो काढून परत गेली, हेही तू सांगायचीस. त्या गाड्यांमधल्या माणसांसारखं व्हायचं नाही, हे मी तुझ्याकडूनच शिकले.

इथे लोकांचा कागदावर, वजनकाट्यावर आणि बाहेरच्या माणसावर विश्वास का बसत नाही, याला कारण आहे. कॅनडात आदिवासी मुलांना घरातून उचलून निवासी शाळांत नेलं गेलं, दीड लाखाच्या आसपास मुलं. भाषा बोलली की मार बसायचा. केनोरा गावाजवळच्या सेसिलिया जेफ्री शाळेतून ऑक्टोबर 1966 मध्ये चॅनी वेनजॅक नावाचा बारा वर्षांचा मुलगा घरी जायला निघाला. घर सुमारे 600 किलोमीटर दूर, ओगोकी पोस्टला. तो रेल्वेच्या रुळांच्या कडेने चालत राहिला आणि थंडीने वाटेतच गेला. त्याच शाळेत 1948 ते 1952 या काळात सरकारी शास्त्रज्ञांनी पोषणाचे प्रयोग केले होते. अशा सहा शाळांतल्या सुमारे हजार मुलांवर ते झाले, आणि काहींचं खाणं अपुरं आहे हे दिसत असूनही ते प्रयोगासाठी तसंच चालू ठेवलं. हे जगाला नीट कळलं 2013 साली. म्हणून आता इथल्या लोकांची माहिती त्यांच्याच मालकीची, त्यांच्याच ताब्यात, असा नियम आहे, आणि तो मी काटेकोर पाळते. मागे एका विद्यापीठातल्या लोकांना आमच्या मुलांची प्रश्नावली भरून हवी होती. ती प्रमुख आणि कौन्सिलपुढे गेली, तिथे चार प्रश्न गाळले गेले, आणि उत्तरांचे कागद गावाच्या कपाटात राहतील या अटीवर परवानगी मिळाली. त्यांना वेळ लागला. लागू दे.

माझा जीव सगळ्यात जास्त अडकतो तो ऑगस्टमध्ये. गावात शाळा फक्त आठवीपर्यंत. पुढे शिकायचं तर तेरा-चौदाव्या वर्षी पोराने थंडर बेला नाहीतर सू लुकआउटला जायचं आणि परक्या घरात राहायचं. आजी-आजोबांना त्यांच्या लहानपणी नेणारी विमानं आठवतात आणि आता ते नातवाची बॅग स्वतःच्या हाताने भरतात. 2000 ते 2011 या वर्षांत थंडर बेला शिकायला गेलेली सात मुलं दगावली. त्यांतली पाच तिथल्या नद्यांत सापडली. त्या मृत्यूंच्या चौकशीत 2016 मध्ये ज्युरीने 145 शिफारशी केल्या. त्या शिफारशींची प्रत आमच्या ऑफिसात आहे, पण मुलांना ती वाचून दाखवून काय होणार? आम्ही निघण्याआधीच्या आठवड्यात त्यांना रानात नेतो. मोठी मुलं, जी जाऊन आली आहेत, तीच बोलतात. शहरात बस कशी पकडायची, कुणी रस्त्यावर चालत्या गाडीतून शिवी देऊन काही फेकलं तर काय करायचं, एकट्याने नदीकडे का जायचं नाही, रात्री दोन वाजता रडू आलं तर फोन कुणाला करायचा. त्या शेवटच्या प्रश्नासाठी आम्ही एक यादी केली आहे. प्रत्येक मुलाला गावातली तीन माणसं, तिघांनीही "कितीही वाजता" असं कबूल केलेलं. या वर्षी काही आयांनी स्वतःहून आणखी मुलांसाठी नावं दिली. गेल्या हिवाळ्यात ते फोन आले. उचलले गेले.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते, बाबा. मायकेल चँडलर आणि क्रिस्टोफर लालोंड या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या सुमारे दोनशे आदिवासी समुदायांचा अभ्यास मांडला. तरुण मुलांच्या आत्महत्या काही गावांत फार होत्या, काहींत अजिबात नव्हत्या. जिथे शाळा, दवाखाना, पोलीस-अग्निशमन, सांस्कृतिक जागा, जमिनीवरच्या हक्काचा लढा आणि कारभार हे सगळं लोकांच्या स्वतःच्या हातात होतं, तिथे अभ्यासाच्या पाच वर्षांत एकही आत्महत्या नव्हती. मी हे कॉलेजात वाचलं होतं. इथे आल्यावर त्याचा माझ्या स्वतःच्या खुर्चीशी काय संबंध आहे ते उमगलं.

माझ्यासोबत काम करणारी एक मुलगी आहे, पंचविशीतली, याच गावची. रेडिओवर सकाळी ती ओजी-क्रीमध्ये बोलते: आज रक्तदाब तपासायला या, अमक्यांना घरी मासे हवेत, बर्फ पातळ झालाय, उत्तरेच्या खाडीवरून जाऊ नका. तिचा आवाज आला की घराघरात लोक चूप बसून ऐकतात. दुरून शिकून ती पदविका करते आहे, आणि ती पूर्ण व्हायला दोन वर्षं आहेत. हिशेबाचं, अहवालाचं, ओटावाच्या अधिकाऱ्यांशी न चिडता भांडायचं, एवढंच तिला शिकायचं उरलं आहे. बाकी सगळं तिला माझ्याहून जास्त कळतं. आरोग्य संचालकांशी माझं ठरलं आहे आणि ते लिहून घेतलं आहे: ती पदविका घेऊन आली की ही जागा तिची, आणि मी काही महिने तिची मदतनीस म्हणून राहून मग निघेन. मी आत्ता गेले तर जाहिरात निघेल, बाहेरून कुणीतरी येईल, एका हिवाळ्यात कंटाळून जाईल. असं इथे फार वेळा झालं आहे. दर वेळी लोकांनी नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगायचं, आपल्या दुःखासकट. मला त्यांच्यावर ती वेळ आणायची नाही.

म्हणून दोन वर्षं. पगार ब्रॅम्प्टनपेक्षा कमी आहे हे खरं. तुमच्या औषधांना आणि आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला पुरेल एवढा मी बाजूला ठेवला आहे. त्याची काळजी करू नका आणि दादाकडे मागू नका. ऑपरेशनची तारीख ऑक्टोबरनंतरची घ्या. ऑगस्टचा कॅम्प आणि सप्टेंबरची मूसची शिकार झाली की मी दिवाळीला येते आणि महिनाभर राहते. जंगलाच्या वणव्यांच्या बातम्या बघून आई झोपत नाही असं वहिनी म्हणाली. या वर्षी अजून धूर आमच्याकडे आलेला नाही, आणि आला तर म्हाताऱ्यांना आणि दम्याच्या मुलांना आधी विमानाने हलवायची यादी तयार आहे.

आई, एक काम आहे. त्या मुलीला तुझ्याशी माहेरघराबद्दल बोलायचं आहे, मी मध्ये बसून दोन्हीकडचं सांगत जाईन. मुलांच्या वजनाच्या दिवशी न येणाऱ्या बायांकडे जाऊन तू काय बोलायचीस, ते तिला सविस्तर ऐकायचं आहे. येत्या रविवारी तुमच्याकडे रात्री साडेआठ, म्हणजे आमच्याकडे सकाळचे दहा. जुन्या वह्या माळ्यावर असतील तर बाबांना काढून ठेवायला सांग.

तुमची,
सुमी