वायरीला लावलेल्या चिमट्याबद्दल

प्रिय वायरमन काका,
स. न. वि. वि.

मालवणच्या बाजारातल्या तुमच्या टपरीवर येऊन तोंडावर आभार मानले असते, तर तुम्ही हातानेच 'असू दे' म्हणून दुसऱ्या गाडीखाली गेला असता. म्हणून हे उघडं पत्र. दार उघडलं तरी ज्यांच्या जुन्या गाडीत काळोखच असतो, त्यांनीही ते वाचावं.

गाडीच्या छताचा दिवा लागला याचे आभार आहेतच, पण मनात राहिला तो चिमटा. दाराच्या खांबावरच्या स्विचचा एकुलता एक स्क्रू सुटला, स्विच बोटभर बाहेर आला आणि मागची वायर उपटायला हात गेला, तेवढ्यात तुम्ही थांबवलंत. दोरीवर वाळत घातलेल्या फडक्याचा लाकडी चिमटा काढून हातात दिलात. "आदी वायरीक चिमटो लाव, मगे स्विच काड."

या एका वाक्याने किती काम वाचतं, हे ज्याने खांबात गेलेली वायर शोधली आहे त्यालाच कळेल. पिन सुटली की ती वायर सुळकन आतल्या पोकळीत जाते. मग दाराचं रबर, उंबऱ्याची पट्टी, खांबाची ट्रिम म्हणजे वरचं आवरण, कधी सीटबेल्टचा बोल्टसुद्धा सोडावा लागतो. आत तिचं उघडं टोक पत्र्याला टेकलं, तर दिवा दिवसरात्र जळत राहतो आणि बिचाऱ्या स्विचवर आळ येतो.

तुमच्या आधी दोघांना गाडी दाखवून झाली होती. एकाने छताचं कापड उतरवून सगळं वायरिंग बदलायला सांगितलं. दुसऱ्याने त्याहून वाईट केलं: १० अँपिअरचा फ्यूज उडतो म्हणून तिथे २० चा बसवून दिला. फ्यूज बल्बसाठी नसतो, वायरीसाठी असतो. मोठा घातला की बारीक वायर आधी तापते, आणि ही वायर जाते छताच्या कापडाला लागून. फ्यूज का उडतो हे बघायला तुम्हाला दिव्याचं कव्हर काढावं लागलं, एवढंच. सप्लायची पत्ती वाकून छताच्या पत्र्याला टेकत होती. पत्ती सरळ झाली, १० चा फ्यूज परत जागेवर गेला आणि टिकला. इतकं साधं बघायला ज्यांना वेळ नव्हता, त्यांनी पैसे घ्यायला मात्र वेळ काढला, याचा राग अजून आहे.

तुम्ही शिकवलंत ते मूळ असं. या वयाच्या बऱ्याच गाड्यांत, मारुती ८०० असो, झेन असो की सँट्रो, छताच्या दिव्याला सप्लाय कायम असतो. चालू-बंद होते ती अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जाणारी करंटची वाट. दार उघडलं की खांबावरच्या स्विचचं बटण बाहेर येतं आणि दिव्याची अर्थ बॉडीला जोडली जाते. आणि हा स्विच स्वतः अर्थ घेतो ती त्याच्या स्क्रूतून. म्हणजे स्क्रूखाली गंज धरला की स्विच कितीही नवा असो, दिवा लागणार नाही.

म्हणून तपासायचा क्रमही ठरलेला. दिवा मधल्या खटक्यावर, म्हणजे 'डोअर'वर ठेवायचा आणि स्विचची ती एकटी वायर खरवडलेल्या पत्र्याला टेकवायची. दिवा लागला तर बल्ब, फ्यूज, छतापर्यंतची वायर सगळं ठीक. दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये. या वायरीत करंट येतो तो बल्बच्या तारेतून, म्हणून ती पत्र्याला लागली तरी फ्यूज उडत नाही. छतातल्या सप्लायच्या वायरीशी मात्र हा खेळ करायचा नाही. तिथे काम करताना फ्यूज काढूनच ठेवायचा. टेकवूनही दिवा लागला नाही, तर बल्ब काढून दोन्ही टोकांच्या टोप्या बघायच्या. त्यांना धरणाऱ्या पत्त्या उष्णतेने सैल पडतात. त्या हलक्या हाताने आत वाकवल्या की अर्ध्याअधिक गाड्यांत काम होऊन जातं, हे तुमचंच म्हणणं. बल्ब घ्यायचा तर जुना खिशात घालूनच दुकानात जावं, कारण ३१, ३६ आणि ४१ मिलिमीटर असे वेगवेगळ्या लांबीचे मिळतात. वॅट वाढवायचे नाहीत. १० च्या जागी २१ वॅटचा घातला की कव्हरचं प्लास्टिक पिवळं पडून वाकतं.

पण काका, आपल्या किनाऱ्यावर खरा शत्रू खारं वारं. देवबागसारख्या पट्टीवर, जिथे एका अंगाला कर्ली नदी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र, तिथे गाडी उघड्यावर राहिली की स्विचच्या पिनेवर हिरवट बुरशीसारखा थर येतो. तांबं असं खाल्लं जातं. वर तांबड्या मातीची धूळ बटणाच्या रबरात बसते आणि बटण आत अडकतं, किंवा रबर फाटून पाणी आत जातं. तुम्ही नवा स्विच विकू शकला असता. त्याऐवजी पॉलिश पेपरने पिन उजळ केलीत, भोकाभोवतीचा रंग आणि गंज खरवडून पांढरा पत्रा दिसेपर्यंत साफ केलात, स्क्रू आवळलात आणि मग वरून व्हॅसलिन लावलंत. आधी नाही, नंतर. धातूला धातू भिडला पाहिजे, आणि ग्रीस फक्त हवा-पाणी अडवायला. हा क्रम उलटा करणारे फार आहेत.

जॉइंटचंही तसंच. नुसती पिळलेली वायर आणि वर चिकटपट्टी इथल्या उन्हात टिकत नाही. गोंद सुटतो, ओल शिरते, तार आतून काळी पडते. सोल्डर किंवा दाबलेली लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची पट्टी), आणि त्यावर श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी. पाच मिनिटं जास्त जातात, पण पाच पावसाळे निघतात.

एलईडीबद्दल सांगितलंत तेही इथे लिहून ठेवण्यासारखं आहे. दारं बंद असूनही एलईडी मिणमिणत असेल तर एलईडी खराब आहेच असं नाही. खारी ओल स्विचमधून किंचित करंट गळू देते. तेवढ्याने साधा बल्ब लागत नाही, एलईडी मात्र लागतो. स्विच कोरडा करावा. आणि नवा एलईडी मुळीच लागला नाही तर फेकायच्या आधी टोकं उलटी करून बघावी.

दिवा अडकून चालू राहिला तर काय होतं, त्याचा हिशोब तुम्ही बोटांवर करून दाखवलात. १० वॅट म्हणजे १२ व्होल्टला पाऊण अँपिअरच्या वर. दहा तासांच्या रात्रीत आठ अँपिअर-अवर गेले. छोट्या गाडीची ३५ ची बॅटरी नवी असेल तर सोसेल, तीन पावसाळे पाहिलेली असेल तर सकाळी स्टार्टर नुसता टकटक करील.

हे सगळं तुम्ही दुपारच्या जेवणाच्या वेळी सांगत होतात. डबा उघडून बाजूला ठेवलेला होता. ज्ञान लपवून गिऱ्हाईक बांधून ठेवणं तुम्हाला सहज जमलं असतं. मालवणात, कुडाळात, कणकवलीत रस्त्याकडेला बसलेले तुमच्यासारखे कितीतरी कारागीर आहेत, जे विचारणाऱ्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर देतात आणि चुकेल तिथेच बोट धरतात. त्यांच्या भरवशावर इथल्या वीस-पंचवीस वर्षांच्या गाड्या अजून घाट चढतात.

चिमटा परत आणला तेव्हा तुम्ही घेतला नाहीत. तो आता गाडीच्या कप्प्यात, सुट्या फ्यूजांच्या डबीला लावलेला आहे.

आपला ऋणी,
एक गाडीवाला

ता. क. मागच्या डाव्या दाराच्या स्विचचं रबरही चिरलंय. मिरग लागायच्या आत तो स्विच काढून साफ करायचा आहे. आधी चिमटा लावीन.