धाकटीच्या गुडघ्यांविषयी

फोंडा, गोवा
दि. २० जुलै

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. धाकटी शाळेच्या फुटबॉल संघात आली हे वाचून फार आनंद झाला. मुलींचे गुडघे लवकर जातात असे कुणीतरी सांगितल्यामुळे तिला खेळू द्यावे की नाही, असे तू विचारले आहेस. तिला अवश्य खेळू दे. मात्र तिच्या संघाचा सराव कसा चालतो, हे तू स्वतः मैदानावर जाऊन पाहावेस, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तिचे कारण सविस्तर लिहितो.

मी नोकरीत असताना माझ्या संघात नववीतली एक मुलगी होती. एका सामन्यात धावता धावता तिने एकदम दिशा बदलली आणि ती गुडघा धरून खाली बसली. तिला कुणाचा धक्का लागला नव्हता. ‘सर, आत काहीतरी कट्ट झालं,’ एवढेच ती म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला. दवाखान्यात एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे, मुरगळ आहे असे सांगितले गेले. घरी तेल चोळले, सूज उतरली, आणि महिन्याभराने मीच तिला पुन्हा मैदानावर उतरवले. तिसऱ्याच दिवशी गुडघा खालून निसटला. लिगामेंट, म्हणजे सांध्यातली हाडे एकमेकांना बांधून ठेवणारा बंध, एक्स-रेत दिसत नाही, त्यासाठी एमआरआय लागतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ती पुढे खेळली नाही. त्या चुकीतला माझा वाटा मी आजही विसरलेलो नाही.

तुटले होते ते एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचे हाड आणि नडगी यांना तिरके बांधून ठेवणारा बंध. नडगी पुढे सरकू नये आणि गुडघा पिळला जाऊ नये, हे त्याचे काम. या दुखापतींपैकी बहुसंख्य दुखापती कुणाशी टक्कर न होताच होतात: उडी मारून खाली येताना, वेगात असताना थांबताना किंवा वळताना. फुटबॉल, बास्केटबॉल अशा खेळांत मुलींमध्ये त्यांचे प्रमाण मुलांच्या दुपटी-तिपटीने आढळते. २०२२ च्या महिलांच्या युरो फुटबॉल स्पर्धेच्या तोंडावर स्पेनच्या अलेक्सिया पुतेयासचे एसीएल सरावात तुटले, तेव्हा ती जगातली सर्वोत्तम खेळाडू मानली जात होती.

असे का होते, याचे एकच एक कारण नाही. वयात येताना मुलींची उंची आणि वजन झपाट्याने वाढते, पण मुलांप्रमाणे स्नायूंची ताकद आपोआप त्या मानाने वाढत नाही. त्यामुळे पुष्कळ मुली उडीनंतर पाय ताठ ठेवून उतरतात, गुडघे आत एकमेकांकडे झुकतात आणि सगळा भार त्या बंधावर येतो. पाळीच्या चक्राचा संबंधही तपासला जात आहे, पण त्यावरून मुलीला घरी बसवण्याइतके काहीही सिद्ध झालेले नाही. त्यातच आपल्याकडे मुलगा लहानपणापासून झाडावर, कुंपणावर उड्या मारतो, आणि मुलीला मात्र तेराव्या वर्षी एकदम मैदानावर उभे केले जाते. हा दोष तिच्या शरीराचा नव्हे, तो आपला आहे.

पाय जमिनीला टेकल्यापासून सेकंदाच्या साधारण विसाव्या भागात हा बंध तुटतो. एवढ्या अवधीत विचार करून पाय सावरता येत नाही, म्हणून नीट उतरण्याची सवय अंगात मुरलेलीच हवी. ती मुरते, याचा पुरावा आहे. स्वीडनमध्ये १२ ते १७ वर्षांच्या साडेचार हजारांहून अधिक फुटबॉलपटू मुलींचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. ज्या संघांनी आठवड्यातून दोनदा, दर वेळी १५ मिनिटे ठरावीक व्यायाम केले, त्यांच्यात एसीएलच्या दुखापती ६४ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि नेमाने करणाऱ्या मुलींत त्याहूनही अधिक. या व्यायामांना साहित्य लागत नाही: एका पायावरची आणि दोन पायांवरची बैठक, पाठीवर झोपून कंबर उचलणे, कोपरांवर शरीर तोलून धरणे, लांब पाऊल टाकून गुडघा वाकवणे आणि उडी मारून नीट उतरणे.

आमच्याकडे पावसाने मैदानाचे तळे झाले की आम्ही हे शाळेच्या व्हरांड्यात करतो. दोन चिरे एकावर एक ठेवून त्यांवरून मुलीला खाली उडी मारायला लावतो आणि समोरून मोबाइलवर चित्रण करतो. गेल्या आठवड्यात एका मुलीने स्वतःचे चित्रण पाहिले, गुडघे एकमेकांना जवळजवळ टेकलेले पाहून ती गप्प झाली, आणि मग न सांगता पुन्हा चिऱ्यांवर चढली. मी तिला एवढेच सांगतो की आवाज न करता उतर, गुडघे वाकव आणि ते पायाच्या बोटांच्या रेषेत ठेव. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी गुडघ्यांवर उभे राहून, सोबतिणीने टाचा दाबून धरलेल्या असताना, सावकाश पुढे झुकण्याचा व्यायाम घेतो. हे स्नायू नडगीला मागे ओढतात, म्हणजे त्या बंधाचे सोबतीच ते.

तिच्या प्रशिक्षकांना भेटून ही १५ मिनिटे मागून घे. नुसते मैदानाला फेऱ्या मारणे आणि स्नायू ताणणे पुरत नाही; मी अनेक वर्षे तेवढेच करून घेत होतो. सामने जवळ आले की हाच भाग आधी गळतो, तेव्हा त्यावर लक्ष ठेव. आणि देव न करो, पण कधी ‘कट्ट’ आवाज होऊन काही तासांतच गुडघा सुजला, तर चोळू नकोस, त्याच दिवशी खेळवू नकोस, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखव. शस्त्रक्रिया झालीच, तर नऊ महिन्यांच्या आत मैदानावर परतण्याची घाई कुणाचेही ऐकून करू नये.

चवथीला गावी येशील तेव्हा तिला घेऊन ये. अंगणात चिरे लावून ठेवतो. तिची पहिली उडी आपण दोघे मिळून पाहू.

तुझा मित्र