आधी मला फोन करू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी वाई स्टँडवर बाबा म्हणाले, "पोचलास की फोन कर." केला. पण हे सगळं फोनवर बोलून होत नाही. बाबा दुसऱ्या वाक्याला "बरं बरं, आईशी बोल" म्हणतात आणि आई मी जेवलो का यावर येते. म्हणून लिहितोय. बाबांनी मोठ्याने वाचावं आणि आईने ऐकावं, म्हणजे कुणालाच मध्ये उठता येणार नाही.

आधी भांडण. बाबांच्या उजव्या हातातून कपबशी सुटली, जीभ जड झाली, वीस मिनिटांत सगळं जागेवर आलं, आणि मला कळलं आठ दिवसांनी. तेही आई सहज म्हणाली म्हणून, की एक कप फुटला, आता नवा सेट आण. कप कसा फुटला हे मी विचारलं नसतं तर आजही कळलं नसतं.

तुम्ही म्हणालात, वारं आलं आणि गेलं. ते वारं नव्हतं. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि नशिबाने सुटली. डॉक्टर त्याला टीआयए म्हणतात. त्याच्यावर उपचार केले नाहीत तर साधारण दहातल्या एकाला तीन महिन्यांत खरा झटका येतो, आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांना पहिल्या दोन दिवसांतच. आपण आठ दिवस कशाच्या जिवावर काढले, बघा.

बाबा, तुम्ही का बोलला नाहीत हे मला माहीत आहे. तुमच्या डोळ्यांसमोर आजोबा आहेत. १९८९ साली त्यांच्या अंगावरून वारं गेलं, ते सहा वर्षं पडवीतल्या खाटेवर होते. आई त्यांना मऊ भात भरवायची आणि तो अर्धा उशीवर सांडायचा. तेव्हापासून तुमच्या मनात बसलंय की एकदा वारं गेलं की गेलं, मग डॉक्टर काय करणार आणि देव काय करणार. आजोबांच्या वेळी ते खरंच होतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तेव्हा या आजारासाठी मान्यच झालेलं नव्हतं. ते तीन तासांच्या आत दिलं तर उपयोग होतो हे १९९५ साली अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं, २००८ मध्ये ती मुदत साडेचार तासांवर गेली. मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी असेल तर जांघेतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन ती ओढून काढतात, हा उपचार २०१५ नंतर पक्का झाला. त्याला साधारण सहा तास, काही निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत वाव असतो. पण तो सगळीकडे होत नाही, आणि वेळ जितका जास्त तितका फायदा कमी. आजोबांसाठी तुम्ही काही करू शकला नसता. तो भार उतरवा आता.

मी अकरा वर्षं सीटी स्कॅनच्या मशीनवर काम करतोय. तुम्ही लोकांना "मुलगा एक्स-रे काढतो" म्हणून सांगता, ते असू दे. रात्रपाळीला माणूस आत येतो तेव्हा त्याच्या मागे कोण आहे यावरून मला पुष्कळ कळतं. मागे पाच-सहा माणसं आणि दोन गाड्या असतील तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो, कारण ती माणसं जमायलाच वेळ गेलेला असतो.

मागच्या पावसाळ्यात एक शेतकरी आणले होते, बाबांच्याच वयाचे. बायकोच्या हातात त्यांच्या चपला होत्या, त्या तिने शेवटपर्यंत खाली ठेवल्या नाहीत. सकाळी सहाला गोठ्यात पडले. मुलगा मुंबईला. तो म्हणाला, मी निघतोय, मी आल्याशिवाय कुठे हलवू नका. मधल्या वेळात कुणीतरी मालिशवाला आणला. कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, ते तेवढं झालं नाही. आमच्याकडे आले तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. पडद्यावर डाव्या मेंदूत काळपट पट्टा उमटलेला दिसत होता. रक्त न मिळाल्याने मेलेला भाग असा काळसर होत जातो. मुलगा माझा हात धरून विचारत होता, "पण मी लगेच निघालो होतो ना?" निघाला होता बिचारा. त्याचीच वाट बघत बसले होते सगळे.

मला तो मुलगा व्हायचं नाही. म्हणून पत्राच्या माथ्यावरच लिहिलंय. पुन्हा असं काही झालं तर आधी मला फोन करू नका. १०८ लावा. मला गाडीत बसल्यावर सांगा. पुण्याहून मी कितीही पळालो तरी तुम्ही माझ्याआधी साताऱ्याला पोचाल. सीटी आणि ते इंजेक्शन दोन्ही चोवीस तास जिथे मिळतं, त्या हॉस्पिटलचं नाव मी आईच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. गावातल्या दवाखान्यात सलाइन लावून "बघू सकाळी" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

ओळखायचं कसं, तर आई, तू बाबांना हसायला सांग. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, दोन्ही हात वर धरायला सांगितल्यावर एक खाली घसरला, की झालं. आणि सतराचा पाढा म्हणायला सांग. चाळीस वर्षं गुरुजी होते, सतरा चोक अडुसष्ट त्यांना झोपेतही येतं. तिथे जीभ अडखळली तर दुसरी परीक्षा नको. एकाएकी तोल जाणं, एका डोळ्याने दिसेनासं होणं, एकाचे दोन दिसणं, कधी नव्हे एवढं डोकं ठणकणं, हेही त्यातलंच. आणि हे तुझ्याबाबतीत झालं तर बाबांनी करायचं. तुला सतराचा पाढा येत नाही, तू सगळ्या नातवंडांची नावं सांग.

घड्याळ मात्र बघायचं. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो किती वाजता झालं हा. झोपेतून उठल्यावर दिसलं तर वेळ उठल्याची धरत नाहीत, शेवटचं चांगलं कधी पाहिलं ती धरतात. म्हणजे रात्री दहाला झोपले तर दहा. अशा वेळी कधीकधी एमआरआय करून ठरवतात, पण ते त्यांच्यावर सोडा.

गाडी येईपर्यंत पाणी, चहा, साखरपाणी काहीही तोंडात घालू नकोस. गिळता येत नसतं आणि घोट फुप्फुसात जातो. उलटी आली तर कुशीवर वळव. बीपीची जास्तीची गोळी नाही, आणि शेजारच्या काकांच्या खिशातली ती रक्त पातळ करायची गोळी तर अजिबात नाही. झटके दोन जातीचे असतात. बहुतेक गुठळीचे, पण काहींत रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. रक्तस्रावावर ती गोळी म्हणजे आगीत तेल. कोणता आहे ते फक्त स्कॅन सांगतं. साधा सीटी काही मिनिटांत होतो. रक्त असेल तर पांढरं शुभ्र दिसतं. गुठळी असेल तर सुरुवातीच्या तासांत चित्र जवळजवळ नॉर्मल येतं, आणि बाहेर नातेवाईक भांडतात, की नॉर्मल आहे तर हात का हलत नाही? मला मात्र ते नॉर्मल चित्र बघून बरं वाटतं. म्हणजे माणूस वेळेत आलाय, अजून वाचवण्यासारखं पुष्कळ आहे. रक्त अडल्यावर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात. ज्या दिवशी हा आकडा वाचला, त्या दिवसापासून मी लिफ्टची वाट बघत नाही.

आता बाबांचं. शनिवारी सीटी स्वच्छ निघाला. मानेच्या सोनोग्राफीत डाव्या रक्तवाहिनीत चरबीचा थर आहे, पण ऑपरेशन लागेल एवढा नाही. ईसीजी ठीक आहे, तरी चोवीस तासांचा पट्टा लावायला सांगितलाय. हृदयाचे ठोके मधूनच बेताल पडत असतील तर तिथे गुठळ्या तयार होतात आणि झटक्याचा धोका पाचपट होतो, तो बेतालपणा पाच मिनिटांच्या ईसीजीत सापडेलच असं नाही. खरा चोर सापडला तो बीपी. १७८/१०४! तीन महिन्यांपूर्वी "आता नॉर्मल आलंय" म्हणून तुम्ही गोळी बंद केलीत. बाबा, गोळीमुळेच नॉर्मल आलं होतं. छत्री उघडल्यावर डोकं कोरडं राहिलं म्हणून छत्री मिटतो का आपण? आता तिन्ही गोळ्या चालू राहणार, आणि कुठलीही बंद करायची असेल तर ते डॉक्टर ठरवतील.

मीठ दोघांना मिळून दिवसाला दोन चमच्यांपेक्षा कमी, तेही लहान चमचे, आणि त्यात लोणचं, पापड, कुरडया, सांडगी मिरची सगळं आलं. मला ठाऊक आहे, आईच्या सांडगी मिरचीशिवाय दहीभात म्हणजे शिक्षा. सणावाराला एक. बाबांची जेवणानंतरची तंबाखूची पुडी मात्र पूर्ण बंद, त्यात सणवार नाही. आईची साखर महिन्यातून एकदा तपासायची, आणि झटक्यासारखं काही दिसलं तर हॉस्पिटलात तिला मधुमेह आहे हे आधी सांगायचं. साखर फार खाली गेली तरी माणूस असाच बरळतो.

बीपीचं मशीन कपाटात न ठेवता देव्हाऱ्याशेजारी ठेवा. सकाळी पूजा झाली की पाच मिनिटं शांत बसून मोजायचं आणि बाबांच्या सुंदर अक्षरात तारखेसह लिहायचं. गुरुजींची वही मी पुढच्या महिन्यात तपासणार आहे, लाल पेन घेऊन.

पत्र वाचून झाल्यावर घडी करून ट्रंकेत टाकू नका. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या मागे खिळ्याला अडकवा. १०८ मी वर मोठ्या अक्षरात लिहिलंय, चष्म्याशिवाय दिसेल असं.

तुमचा,
बाळू

ता. क. आई, फळीवरचा मिश्रीचा डबा शोधू नकोस. तो माझ्या बॅगेतून पुण्याला आलाय.