शाकाहार म्हणजे फक्त पनीर नव्हे

संपादक साहेब, नमस्कार.

श्रावण संपला की आमच्या सिडकोतल्या बिल्डिंगमध्ये दरवर्षी तोच वाद, शाकाहार चांगला की मटण, आणि दोन्ही पार्ट्या व्हॉट्सअॅपवरचं काहीही फेकतात. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने सॉसेज, बेकनसारखं प्रोसेस्ड मांस कॅन्सरकारक ठरवलं हे खरंय, पण ताजं लाल मांस 'बहुधा'च्या गटात आहे आणि चिकन-मासे त्यात नाहीतच, हे कोणी फॉरवर्ड करत नाही. पर्यावरणाचं म्हणाल तर गाई-म्हशी रवंथ करताना मिथेन सोडतात, म्हणजे रोज पनीर हाणणाऱ्यांनी पण फार ताठ मानेने फिरू नये. डाळींचं मात्र तसं नाही, त्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन धरतात, युरिया कमी लागतो.

आणि माझी शुगर वाढली तेव्हा मी शुद्ध शाकाहारीच होतो की! सकाळी मिसळ-पाव, संध्याकाळी फरसाण. वर बी१२ पण कमी निघालं, ते भाजीपाल्यात नसतंच, गोळ्या सुरू झाल्या. आता आई सुरगाण्याकडची नागली, म्हणजे नाचणी, दळून आणते, काळपट-तांबूस भाकरी, सोबत मटकीची उसळ नि मेथी. १०० ग्रॅम नागलीत ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, दुधाच्या दुपटीहून जास्त. पण मागच्या रविवारी कॉलेज रोडला जेवायला गेलो तर मेनूकार्डात पनीरचं अख्खं पान, आणि नागली विचारली तर वेटर म्हणाला, "सर, ते काय असतं?"

– एक वाचक, सिडको, नाशिक