महोत्सवाचा कलासंचालक कलावंतच असावा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातील चेलोवादक (चेलो म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातील मोठे, खर्जाचे वाद्य) पाब्लो कासाल्स यांच्या जन्माला येत्या २९ डिसेंबर २०२६ रोजी दीडशे वर्षे पूर्ण होत आहेत. वादक म्हणून त्यांची थोरवी जगाने केव्हाच मान्य केली आहे. त्यांनी कलासंचालक म्हणून केलेल्या कामाकडे मात्र गोव्यात महोत्सव भरवणाऱ्या संस्थांनी या निमित्ताने बारकाईने पाहावे, या इच्छेने हे पत्र लिहीत आहे.

कासाल्स यांचे वडील एल वेंद्रेल या लहानशा गावातील चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आणि मुलाचे पहिले धडे त्यांच्याच हाताखाली झाले. सासष्टी-बार्देशातील चर्चच्या, संगीत शिकवणाऱ्या जुन्या पॅरिश शाळांची परंपरा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे ओळखीचे वाटेल. १८९० साली, वयाच्या तेराव्या वर्षी, बार्सिलोनातील जुन्या स्वरलेखनाच्या एका दुकानात त्यांना जर्मन संगीतकार बाख यांनी एकट्या चेलोसाठी रचलेल्या सहा सुइट्सची (नृत्यांच्या चालींवर बेतलेल्या वादनरचनांच्या मालिकांची) प्रत सापडली. हात तयार करण्याचे पाठ, एवढेच त्या काळी या रचनांचे मोल मानले जाई. कासाल्स यांनी बारा-एक वर्षे त्यांचा रियाज केला आणि मगच त्यांतील एक सुइट संपूर्णपणे श्रोत्यांपुढे मांडली. ध्वनिमुद्रण तर १९३६ ते १९३९ या काळात, साठीच्या आसपास केले. चीज गळ्यात पुरती मुरल्याशिवाय ती मैफलीत न काढणाऱ्या आपल्या बुजुर्ग गवयांचीच ही वृत्ती आहे.

हीच वृत्ती त्यांनी संस्था उभारताना ठेवली, आणि माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचा सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. देशोदेशीच्या दौऱ्यांतून पैसा मिळू लागल्यावर १९२० साली त्यांनी बार्सिलोनात वाद्यवृंद स्थापन केला आणि त्यासाठी अनेक वर्षे पदरमोड केली. पुढे गिरणी-कारखान्यांतील श्रमिकांना नाममात्र वर्गणीत हे संगीत ऐकता यावे म्हणून त्यांच्यासाठी वेगळी संस्था काढली. स्पेनमधील यादवी युद्धाने हे सारे संपवले. हुकूमशहा फ्रँकोची राजवट आल्यावर कासाल्स मायदेशी परतले नाहीत. पिरेनीज पर्वताच्या फ्रेंच बाजूला असलेल्या प्राद या गावी राहिले, आणि त्या राजवटीचा निषेध म्हणून जाहीर वादनही त्यांनी थांबवले. बाख यांच्या मृत्यूला दोनशे वर्षे झाली त्या १९५० साली सहकाऱ्यांच्या आग्रहावरून महोत्सव भरला, तेव्हा हा वादक जगाकडे गेला नाही, जगभरचे वादक प्रादला आले. कार्यक्रमात काय असावे, कोणी वाजवावे, तालमी किती व्हाव्यात, हे त्या महोत्सवात एका जाणत्या संगीतकाराच्या दृष्टीने ठरले. पुढे आईच्या जन्मभूमीत, पोर्टो रिको बेटावर, त्यांनी १९५७ मध्ये दुसरा महोत्सव सुरू केला. त्याच्या तालमीतच त्यांना हृदयविकाराचा झटका आला, तरीही महोत्सव त्यांच्यावाचून पार पडला, कारण पाया पक्का होता. त्यापाठोपाठ तेथे सिंफनी वाद्यवृंद आणि १९५९ मध्ये संगीत विद्यालयही उभे राहिले. १९७३ मध्ये कासाल्स गेले, पण प्राद आणि पोर्टो रिको येथील महोत्सव मागे राहिले.

वादकांच्या बाबतीत गोवा कधीच गरीब नव्हता. मुंबईच्या चित्रपटसंगीतातील व्हायोलिन आणि चेलोचे ताफे कितीतरी वर्षे गोमंतकीयांनीच भरलेले असत. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारून रागांवर आधारित रचना वाद्यवृंदातून सादर केल्या आणि लता मंगेशकर व मन्ना डे यांना गायला बोलावले. एवढी मोठी कल्पना टिकली नाही, कारण तिला आधार देणारी संस्था मागे नव्हती. लताबाईंचे वडील, मंगेशीचे मास्टर दीनानाथ, यांनी १९१८ साली सहकाऱ्यांसह बळवंत संगीत मंडळी ही नाटक कंपनी काढली, तेव्हा ते अठरा वर्षांचेही नव्हते. गाणारा माणूसच संस्था चालवतो, हे मराठी रंगभूमीला तेव्हा वेगळे सांगावे लागत नव्हते. दीनानाथांचा जन्मदिवसही २९ डिसेंबरच.

आज आपल्याकडे महोत्सवांना तोटा नाही. परंतु त्यांपैकी अनेकांची आखणी समित्या करतात. उपलब्ध तारखा आणि प्रसिद्ध नावे जुळवली की कार्यक्रमपत्रिका तयार होते, आणि दीपप्रज्वलन, सत्कार व भाषणांत इतका वेळ जातो की कलाकाराला विलंबित ख्याल आटोपता घ्यावा लागतो. या गोष्टीचे मला मनापासून वाईट वाटते. कार्यक्रमाला दिशा देणारा आणि प्रसंगी नकार देण्याचा अधिकार असलेला कलावंत तेथे नसतो, हे याचे मूळ आहे.

म्हणून माझी विनंती अशी की, सरकारी अनुदान घेणाऱ्या प्रत्येक संगीत महोत्सवाने अनुभवी कलावंताची कलासंचालक म्हणून निदान तीन वर्षांसाठी नेमणूक करावी, निवडीचा अधिकार पूर्णपणे त्याच्याकडे द्यावा आणि तालमींच्या मानधनाची तरतूद अंदाजपत्रकातच करावी. पणजीच्या कला अकादमीत भारतीय आणि पाश्चात्त्य असे दोन्ही संगीतविभाग एकाच छताखाली आहेत आणि तेथील नाट्यगृहाला दीनानाथांचेच नाव आहे. तेव्हा २९ डिसेंबरला बाख यांची एक सुइट आणि दीनानाथांची नाट्यपदे असा संयुक्त कार्यक्रम दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांकडून बसवून घेता येईल. त्यासाठी एखाद्या जाणत्या कलावंताकडे ही जबाबदारी आतापासूनच सोपवावी, म्हणजे तालमींना पुरेसे महिने मिळतील.

आपला विश्वासू,
एक संगीतप्रेमी वाचक,
फोंडा, गोवा